बुद्धी यंत्राची, निकष कोणाचा?



कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आज वर्तमानपत्रांतून, जाहिरातींतून आणि मंत्र्यांच्या भाषणांतून इतक्या वेळा कानांवर पडतो की, त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असावा असा समज सहज होतो. वस्तुतः तसे नाही. या विषयावरील चर्चेत दोन टोके आढळतात. एका टोकाला भीती आहे: यंत्रे आता माणसासारखा विचार करू लागली, तेव्हा माणसाचे दिवस भरले. दुसऱ्या टोकाला भाबडी श्रद्धा आहे: यंत्राला जात नाही, नातेवाईक नाहीत, लाचेचा मोह नाही, तेव्हा कारभार त्याच्याच हाती सोपवावा. भीती बाळगणाऱ्याला यंत्राचा स्वतःचा हेतू दिसतो; श्रद्धाळूला त्यात कोणाचाच हेतू दिसत नाही. यंत्राला हेतू नेमून देणारा माणूस मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो. त्या माणसाचा शोध घ्यावयाचा तर या शास्त्राच्या मूलभूत संकल्पनांपासूनच आरंभ केला पाहिजे.

विचार आणि वर्तन

१९५० साली ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात एक निबंध लिहिला. यंत्र विचार करू शकते काय, या प्रश्नाने त्याने सुरुवात केली आणि लगेच तो प्रश्न बाजूला ठेवला. कारण ‘यंत्र’ आणि ‘विचार’ या दोन शब्दांच्या व्याख्यांतच वाद अडकून पडला असता. त्याऐवजी त्याने एक खेळ सुचविला. परीक्षकाने पडद्याआड असलेल्या दोघांना लेखी प्रश्न विचारावेत. त्यांतील एक माणूस असेल, दुसरे यंत्र. उत्तरांवरून कोण कोणता हे परीक्षकाला खात्रीने सांगता आले नाही, तर यंत्र बुद्धीने वागते असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. मनात काय चालले आहे यापेक्षा बाहेर वर्तन कसे घडते याकडे लक्ष वळविणारी ही भूमिका पुढील सर्व विचाराला वळण देणारी ठरली.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव १९५५ साली जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघांनी केलेल्या एका प्रस्तावात आले. त्यानुसार १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही संशोधक एकत्र जमले. तेथे आलेल्यांत हर्बर्ट सायमन हे एक होते. त्यांची मूळ बैठक राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची. ॲलन न्यूएल आणि क्लिफ शॉ यांच्यासह त्यांनी त्याच सुमारास तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारा एक आज्ञासंच तयार केला होता. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ त्याने सिद्ध करून दाखविले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सायमन यांचे नाव दुसऱ्याच कारणासाठी परिचित आहे. १९७८ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पाठ्यपुस्तकातील ‘आर्थिक माणूस’ सर्व पर्याय जाणतो, सर्वांची तुलना करतो आणि सर्वोत्तम तोच निवडतो. प्रत्यक्षातला माणूस असा नसतो, हे सायमन यांचे प्रतिपादन. मंडईत गेलेली गृहिणी प्रत्येक गाळ्यावरचा भाव विचारीत बसत नाही. पुरेशी ताजी आणि परवडणारी भाजी दिसली की ती घेऊन घरी परतते. वेळ, माहिती आणि आकलनशक्ती मर्यादित असल्यामुळे माणसाचा विवेकही मर्यादित असतो. या मर्यादित विवेकाचा अभ्यास करता करता सायमन संगणकाकडे वळले. तात्पर्य, अर्थव्यवहारात माणूस निर्णय कसा घेतो हा प्रश्न आणि यंत्राकडून निर्णय कसा घेववावा हा प्रश्न एकाच घरात वाढले.

आरंभीच्या या मंडळींचा उत्साह दांडगा होता. दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असे भाकीत सायमन यांनी १९५७ साली केले. ‘डीप ब्लू’ या यंत्राने गॅरी कास्पारोव्ह याला हरविले ते १९९७ साली. दहाची चाळीस वर्षे झाली. आजची भाकिते ऐकतानाही हा इतिहास विसरून चालणार नाही. मात्र उशिरा का होईना, भाकीत खरे ठरले हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

अभिकर्ता म्हणजे कोण?

आजच्या पाठ्यपुस्तकांत या शास्त्राची मांडणी एका संकल्पनेभोवती केलेली असते. स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथाने ती रूढ केली. ती संकल्पना म्हणजे बुद्धिमान अभिकर्ता, अर्थात एजंट. भोवतालची स्थिती जाणून घेणारा आणि त्या स्थितीवर कृती करणारा तो अभिकर्ता, अशी त्याची साधी व्याख्या आहे. आपल्या परंपरेतील शब्द वापरावयाचे तर त्याला ज्ञानेंद्रिये असतात आणि कर्मेंद्रिये असतात. या दोहोंच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात: ज्यात तो वावरतो ती परिस्थिती, आणि त्याची कृती चांगली की वाईट हे ठरविणारा निकष. मिळालेल्या माहितीच्या आधारे, दिलेल्या निकषावर अधिकाधिक यश मिळेल अशी कृती जो निवडतो, तो विवेकशील अभिकर्ता. तो सर्वज्ञ असावा अशी अपेक्षा नसते.

उदाहरणादाखल शहरातील एका चौकातला सिग्नल घ्यावा. वाहन आले की हिरवा दिवा लावावा, एवढाच नियम पाळणारा सिग्नल हा सर्वांत साधा, प्रतिक्षिप्त क्रियेने चालणारा अभिकर्ता होय. कोणत्या रस्त्यावर किती वाहने थांबलेली आहेत याची नोंद जो ठेवतो, त्याच्याजवळ परिस्थितीचे एक चित्र असते. ही दुसरी पायरी. अमुक वेळेत चौक मोकळा झाला पाहिजे असे उद्दिष्ट त्याला दिले आणि त्यासाठी पुढच्या चाली तो आखू लागला, की तिसरी पायरी. रुग्णवाहिका, बस, मोटार आणि पादचारी यांच्या सोयी-गैरसोयींना कमी-अधिक वजन देऊन तो तोल साधू लागला, की चौथी. रोजच्या अनुभवावरून आपले नियम तो स्वतःच सुधारू लागला, की त्याला शिकणारा अभिकर्ता म्हणतात.

आता या सिग्नलला निकष कोणता द्यावयाचा? ताशी जास्तीत जास्त वाहने चौकातून पार झाली पाहिजेत, असा निकष दिला तर काय होईल? सिग्नल जितका अधिक हुशार, तितका तो पादचाऱ्याला अधिक काळ खोळंबून ठेवील. कारण पादचारी हे वाहन नव्हे. पन्नास माणसांनी भरलेली बस आणि एका माणसाची मोटार त्याच्या हिशेबी सारखीच. काठी टेकीत रस्ता ओलांडणारी म्हातारी तर त्याच्या दृष्टीने निव्वळ अडथळा. यात सिग्नलचा दोष नाही. त्याच्या बुद्धीतही काही उणे नाही. त्याला जे साधावयास सांगितले ते त्याने उत्तम साधले. ‘वाहने’ या शब्दाऐवजी ‘माणसे’ हा शब्द योजला असता तर त्याच बुद्धीने वेगळा न्याय केला असता. वाहने मोजावीत की माणसे, हा गणिताचा प्रश्न नाही. तो शहर कोणाचे, हा प्रश्न आहे.

‘एजंट’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही, आणि त्याचा जुना अर्थ येथे उपयोगी पडतो. एजंट हा दुसऱ्याच्या वतीने काम करतो. बाजार समितीच्या आवारात शेतकरी आपला माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवितो. कागदोपत्री अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी. मालाला चांगला भाव मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य. परंतु शेतकरी हंगामात चार वेळा येतो, खरेदीदार व्यापारी मात्र रोज समोर असतो. अडत्या हुशार आहे की नाही, ही शेतकऱ्याची चिंता नसते. ती हुशारी कोणासाठी राबते, ही असते. १९७० च्या दशकापासून अर्थशास्त्रात धनी आणि अभिकर्ता यांच्या संबंधांचा एक स्वतंत्र सिद्धांतच विकसित झाला, तो याच चिंतेतून. बुद्धिमान यंत्राविषयीही पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: हा कोणाचा अडत्या?

यंत्र शिकते म्हणजे काय?

१९७० आणि १९८० च्या दशकांत तज्ज्ञ माणसांना विचारून त्यांचे नियम एकेक करून यंत्रात घातले जात. अमुक लक्षणे असतील तर तमुक रोग संभवतो, असे शेकडो नियम. ही पद्धत एका मर्यादेपुढे गेली नाही. कारण माणसाला जे येते ते सगळे त्याला सांगता येतेच असे नाही. स्वयंपाकघरातील अनुभवी बाईला मीठ किती हे विचारले तर ‘अंदाजाने’ असेच उत्तर मिळते. म्हणून पुढे नियम देण्याऐवजी उदाहरणे देण्याची पद्धत प्रबळ झाली. हजारो, लाखो उदाहरणे यंत्रापुढे ठेवावयाची, त्याच्या उत्तरातील चूक मोजावयाची, आणि ती चूक कमी होईल अशा रीतीने त्याच्या आतील आकडे पुनःपुन्हा बदलावयाचे. शिकणे ते एवढेच. तथापि यातही निकष आहेच: चूक कशाला म्हणावयाचे, हे कोणीतरी आधी ठरविलेले असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाल्यापासून संभाषण करणारी यंत्रे घरोघरी पोचली. प्रचंड मजकूर वाचून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे वर्तविणे हा त्यांचा पाया आहे. त्यानंतर दोन उत्तरांपैकी कोणते बरे, हे माणसांकडून ठरवून घेऊन त्यांना वळण लावले जाते. येथे निकष असतो तो पसंतीचा. मनाला पटणारे उत्तर आणि खरे उत्तर पुष्कळदा एकच असते. नेहमी मात्र नसते. अशा यंत्राला पत्र पाठविणे, वस्तू मागविणे, दप्तरातील कागद बदलणे असे अधिकार दिले, की ते बोलघेवडे न राहता कर्ते होते. आज ‘एजंट’ म्हणून ज्याचा गाजावाजा चालू आहे, तो हाच प्रकार.

शब्दशः आज्ञापालनाचा परिणाम कसा होतो, याचे एक निरुपद्रवी उदाहरण २०१६ साली पुढे आले. ‘ओपनएआय’ या संस्थेतील संशोधकांनी एका यंत्रास नौकाशर्यतीचा संगणकीय खेळ शिकविला. शर्यत जिंकणे हा खेळाचा हेतू. पण गुण मिळत ते वाटेतील लक्ष्यांना धडक दिल्याबद्दल. यंत्राने एक कोपरा शोधून काढला, तेथे नौका गोल गोल फिरविली, पुनःपुन्हा उगवणाऱ्या त्याच लक्ष्यांवर गुण मिळविले, आणि शर्यत कधीच पुरी केली नाही. खेळात असे घडले की हसू येते. रुग्णालयात घडले तर?

खर्च आणि गरज

ते घडले आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय पद्धतीचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झियाद ओबरमायर हे डॉक्टर आणि सेंधिल मुल्लाईनाथन हे अर्थशास्त्रज्ञ त्याच्या लेखकांपैकी होत. ज्या रुग्णांची प्रकृती गुंतागुंतीची आहे, त्यांना जादा परिचारिका, जादा देखरेख मिळावी म्हणून यंत्र प्रत्येक रुग्णाला गुण देई. यंत्राला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. वरवर पाहता यापेक्षा निःपक्षपाती व्यवस्था ती कोणती?

परंतु यंत्राला ‘आजार’ थेट मोजता येत नव्हता. म्हणून त्याला निकष दिला गेला तो पुढील काळात रुग्णावर होणाऱ्या खर्चाचा. ज्याच्यावर खर्च अधिक, त्याची गरज अधिक, असे गृहीत धरले गेले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातील खोट दिसावी. गरज आणि क्रयशक्तीने पाठबळ दिलेली मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला दवाखाना दूर, रजा मिळणे कठीण आणि डॉक्टरांवर विश्वास कमी, त्याच्यावर खर्च कमी होतो. त्याचा आजार कमी होत नाही. सारखेच जुनाट आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णावर श्वेतवर्णीयाच्या मानाने वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत असल्याचे संशोधकांना आढळले. परिणामी सारखे गुण मिळालेल्या दोघांत कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी असे. जादा मदतीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्के होते. हा दोष नसता तर ते ४६.५ टक्के झाले असते, असा हिशेब त्यांनी मांडला.

यात कोणी दुष्ट अधिकारी नव्हता. यंत्र बिघडलेले नव्हते. खर्चाचे भाकीत ते चांगलेच करीत होते. समाजातील जुनी विषमता एका निरागस दिसणाऱ्या आकड्यात दडून आत शिरली, आणि यंत्राने ती इमानेइतबारे पुढे चालविली. आनंदाची गोष्ट एवढीच की, निर्माता कंपनीच्या सहकार्याने निकष बदलून पाहताच हा पक्षपात ८४ टक्क्यांनी घटला. बुद्धी तीच राहिली. बदलला तो निकष.

दाद कोणाकडे मागावी?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणूस तरी कोठे निःपक्षपाती असतो? कचेरीतील कारकून तोंड पाहून अर्ज पुढे सरकवितो, हा सर्वांचाच अनुभव. हे नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना वरील दोष उघडकीस आला तो यंत्राचे आकडे तपासता आले म्हणूनच. कारकुनाच्या मनाची अशी झडती घेता येत नाही. म्हणून यंत्र नको, हा निष्कर्ष यातून निघत नाही. परंतु एक फरक आहे. कारकुनाचा पक्षपात त्याच्या टेबलापुरता असतो. त्याच्यावर साहेब असतो, साहेबावर न्यायालय. यंत्राचा पक्षपात एकाच वेळी लाखो टेबलांवर बसतो, आणि ‘संगणकाने दाखविले’ या तीन अक्षरी नव्हे, पण तितक्याच आखूड उत्तरापुढे नागरिकाची वाट खुंटते.

नेदरलँड्समध्ये याचा कटू अनुभव आला. मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या अनुदानात लबाडी केल्याचा आळ तेथील करखात्याने हजारो पालकांवर घेतला आणि मोठमोठ्या रकमा परत मागितल्या. कोणते अर्ज संशयास्पद, हे सुचविणाऱ्या यंत्रणेत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक घटक होता. कुटुंबे कर्जात बुडाली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. चूक झाली यापेक्षा, चूक झाली असे म्हणणाऱ्यांचे वर्षानुवर्षे कोणी ऐकले नाही, हे अधिक भयंकर होते.

या धोक्याची जाणीव एका संगणकतज्ज्ञाने फार पूर्वी दिली होती. हिटलरच्या जर्मनीतून बालपणीच परागंदा झालेले जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ हा संभाषण करणारा आज्ञासंच अमेरिकेत लिहिला. तो केवळ माणसाचीच वाक्ये फिरवून प्रश्न करी. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हिशेबाने काढलेला निर्णय आणि जबाबदारीने केलेली निवड यांत भेद केला. काही कामे यंत्राला जमतील की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे; जमली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतात यंत्रांविषयीचा वाद जुना आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास कर्मचारी संघटनांनी विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, १९७२ साली तिचा अहवाल आला. किती हातांचे काम जाईल, हा तेव्हाचा मुख्य प्रश्न होता, आणि तो आजही मिटलेला नाही. मात्र तेव्हाचा संगणक पगारपत्रके आणि हप्ते यांचा हिशेब करी. आजचा संगणक कर्ज कोणाला द्यावे, मुलाखतीला कोणाला बोलवावे, कोणाच्या अर्जावर संशय घ्यावा, हे सुचवितो. कामगाराच्या प्रश्नाला आता नागरिकाच्या प्रश्नाची जोड मिळाली आहे.

म्हणून अशी कोणतीही यंत्रणा सार्वजनिक कारभारात येईल तेव्हा चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. तिला कोणता निकष दिला आहे? तो कोणी आणि कोणाला विचारून ठरविला? ज्यांच्यावर निर्णय लादला जातो त्यांना त्याचे कारण त्यांच्या भाषेत कळते काय? आणि चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस कोणत्या टेबलावर, कोणत्या वेळी भेटेल? हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ते नगरपालिकेच्या सभेत विचारता येतात, ग्रामसभेत विचारता येतात, कामगार संघटनेच्या वाटाघाटीत विचारता येतात.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. मूळ चेक शब्द ‘रोबोटा’. त्याचा अर्थ वेठ. वेठ म्हटली की वेठीला धरणारा धनी आलाच. यंत्राच्या बुद्धीची चर्चा करताना लोकांचे लक्ष वेठीवर खिळून राहते आणि धनी पडद्याआड राहतो. चौकातला सिग्नल किती हुशार, याचे कौतुक अवश्य करावे. पण म्हातारीला रस्ता ओलांडण्यास किती सेकंद द्यावयाचे, हे ठरविणारी बैठक कोठे भरते त्याची चौकशी करावी, आणि त्या बैठकीत तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी बसलेले असावे, असा आग्रह धरावा.